ढेकणांचं मूळ गाव

वसतिगृहाच्या अंगणात वैजूची गोधडी तिसऱ्या दिवशीही उन्हात पडली होती. "ढेकूण हिनेच गावाहून आणलेत," असं रेक्टर मॅडमनी सगळ्या मुलींसमोर ठणकावलं होतं.

वैजू भांडत बसली नाही. तिने खोल्याखोल्यांतून, मॅडमच्या ऑफिसातूनसुद्धा ढेकूण पकडून बाटल्यांत भरले आणि कॉलेजच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासले.

महिन्याभराने ती अहवाल घेऊन मॅडमसमोर उभी राहिली. "माझ्या गोधडीत एकही ढेकूण नव्हता. खोल्यांतले सगळे एकाच घराण्यातले निघाले. घराण्याच्या सगळ्यात जास्त शाखा जिथे सापडतात, तेच त्यांचं मूळ गाव, मॅडम. तेही सापडलं."

"मग सांग की, कुणाची गादी?" मॅडम वेताच्या खुर्चीत ऐसपैस रेलल्या.

"गादी नाही, मॅडम," वैजू म्हणाली. "तुम्ही जरा उठता का?"