सडक कुठं जाती

केशर गेल्याचा निरोप आला तेव्हा भिवा मंठ्याच्या बाजारात डफाचं कातडं उन्हाकडं धरून पाहत होता. कातडं पातळ होतं, कुठं भोक नव्हतं. तो टिचकी मारून पाहणार, तोच चुलतभाऊ अप्पाराव सायकल हातात धरून समोर येऊन उभा राहिला. त्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"दादा, चल."

"थांब रे. हे बघ, कसं वाटतं?"

"दादा, वैनी खडीवर पडली. ऊन लागलं." अप्पारावनं मान खाली घातली. "न्हाई राह्यली."

भिवानं कातड्याची नीट घडी केली आणि काखेत धरली. मग सायकलवर मागं बसला. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "काही म्हनली का?"

"पानी मागितलं."

सकाळी त्यानं तिला एक ओळ दिली होती. दोघांची गाणी अशीच व्हायची. पहिली ओळ त्याची, दुसरी तिची. त्याची ओळ ऐकून ती आधी नाक मुरडायची. "आवं, ह्यात मीठ न्हाई," म्हणायची. नाहीतर, "हे तर बीडीओ सायबानं लिहिल्यावानी झालं." ओळ पटली की मगच तिची यायची. जयंतीला निळ्या झेंड्याच्या ओट्यावर दोघं तसंच म्हणायचे. तो विचारायचा, ती उत्तर द्यायची. ती तोंड उघडायची तेव्हा ढोलकी थांबायची, तिचा आवाज मोकळा यावा म्हणून.

बहात्तरच्या दुष्काळात सारं गाव सडकेच्या कामावर खडी फोडत होतं. औंदाचं गाणंही सडकेचंच होतं. शेवटच्या कडव्याची पहिली ओळ भिवानं दारात चपला घालता घालता म्हटली होती,

"खडी फोडून सडक केली, सडक कुठं गं जाती?"

केशर हातोडा घेऊन निघालीच होती. ती थांबली. या वेळी तिनं नाक मुरडलं नाही. हसली.

"घावली मला."

"सांग मंग."

"आत्ता न्हाई. बाजारातून या, मंग सांगते. आधी तुमचा डफ तर नीट करा."

त्या साली भिवा ओट्याकडं फिरकला नाही. कातडं खुंटीलाच राहिलं. पुढं पाऊस झाला, सडकेचं काम बंद पडलं, लोक आपापल्या कामाला लागले.

दुसऱ्या साली जयंती जवळ आली तसा अप्पाराव दारात येऊन बसला. "दादा, औंदा तू न्हाई आला तर आपला गाण्याचा मेळा मोडला समज. लोक विचारून राह्यले."

अप्पाराव गेल्यावर भिवानं कातडं खाली काढलं. ते वाळून पापडासारखं झालं होतं. केशरच्या खडीच्या घमेल्यात पाणी घेऊन त्यानं ते भिजत घातलं. मऊ झाल्यावर डफाच्या कड्यावर ताणून बसवलं आणि सावलीत ठेवलं. सुकल्यावर टिचकी मारली. आवाज चांगला आला.

संध्याकाळी तो तालमीला ओट्यावर गेला. केशरची धाकटी बहीण कौसल्या, अप्पारावची बायको, दिवाबत्ती करत होती.

"कौसल्या, त्या दिवशी तू तिच्या बाजूलाच व्हतीस. काही म्हनत व्हती का ती?"

"गुणगुणत व्हती, दाजी. पर समदे हातोडे चालू. शब्द काही कानावर आले न्हाईत." कौसल्यानं पदरानं हात पुसले. "मी म्हनलं, काय गं अक्का, एकटीच हसून राह्यली? तर म्हनली, तुझ्या दाजीला सांगायचं हाय, तुला कशाला पायजे?"

भिवानं मान हलवली. अप्पारावनं ढोलकी मांडीवर घेतली होती. तो खाकरला.

"दादा, मी जुळवलीय एक. बघ, बसती का." आणि त्यानं म्हणून दाखवलं,

"खडी फोडून सडक केली, सडक कुठं गं जाती?
जिथं आमच्या लेकराला मिळंल भाकर हाती."

"बराबर बसती," पेटीवाला पुंजाराम म्हणाला.

"चांगली हाय," भिवा म्हणाला.

"अक्का असती तर म्हनली असती," कौसल्या बोलून गेली, "ह्या भाकरीत मीठ न्हाई."

सगळे हसले. भिवाही हसला. मग कोणीच हसेना. अप्पारावनं ढोलकीच्या दोऱ्या उगाच आवळल्या. "राहू दे, दादा."

गाणं सुरू झालं. केशरच्या ओळी कौसल्यानं म्हटल्या. त्या तिला पाठ होत्या. एकेक कडवं पुढं गेलं. शेवटच्या कडव्याला भिवानं विचारलं, सडक कुठं गं जाती? आणि अप्पारावचा हात सवयीनं थांबला.

पेटीचा सूर तेवढा चालू होता. कौसल्या भिवाकडं पाहत होती. भिवा आपल्या डाव्या अंगाला पाहत होता. केशर तिथं उभी राहायची.

त्यानं पहिलीच ओळ पुन्हा म्हटली.

जयंतीला गाणं तसंच झालं. परगावच्या लोकांना वाटलं, ते सवालावरच संपतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी ओळ अजून व्हायची आहे.