सातमासी

टोपी बाळाच्या डोक्यात जाईना.

"ओढू नका बाई," सिस्टर म्हणाली. "ती सातमासी पोरांच्या मापाची आहे."

"हेही सातमासीच आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

सिस्टरने बाळाकडे पाहिलं. बाळाने सिस्टरकडे पाहिलं. मग सव्वासात पौंडांचं, मांड्यांना वळ्या पडलेलं ते बाळ जांभई देऊन झोपी गेलं.

सुहासिनीबाई महिला मंडळातर्फे सरकारी दवाखान्यात येत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना टोप्या वाटायच्या आणि व्हरांड्यातल्या नातेवाइकांना धीर द्यायचा, हे मंडळाचं काम. टोप्या लोकरीच्या होत्या. मे संपत आला होता आणि सगळं नागपूरच बाळांच्या उबेच्या पेटीत घातल्यासारखं तापलं होतं. पण ठराव जानेवारीत झाला होता.

धीर देणं सोपं नव्हतं. आज सकाळी बाळंतिणीने, प्रेमिलाने, त्यांचा हात धरून सगळं सांगून टाकलं होतं. लग्नाला सातवा महिना चालू होता. नवरा रवींद्र बर्डीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. लग्नाआधी प्रेमिलाचं घड्याळ त्याच्याकडे पुन्हा पुन्हा दुरुस्तीला गेलं होतं. ते बिघडलेलं नव्हतं.

"आत्याबाईले समजलं तं पोरगं ठेवून घेतीन अन् मले माहेरी धाडतीन," प्रेमिला म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू. "पोट दिसाले लागलं तवापासून त्या बोटावर मोजून राहिल्या, बाई."

सुहासिनीबाईंनी हे सिस्टरच्या कानावर घातलं. वॉर्डात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब द्यायच्या काचेच्या पेट्या तीन होत्या. एक चालू होती. दुसरी मोठे साहेब पाहणीला आले की चालू व्हायची. तिसरीत कापूस ठेवत. सिस्टरने तिसरीतला कापूस काढला, बाळ आत ठेवलं आणि झाकण उघडं टाकलं.

सासू, इंदूबाई, हुडकेश्वरहून डबा घेऊन आल्या. आवाज असा, की एकीला विचारलेलं सगळ्या व्हरांड्याला कळावं.

"किती महिन्याचं म्हनता, बाई?"

"सात."

"मंग नखं कशी आली?"

सुहासिनीबाई गृहविज्ञानाच्या पदवीधर होत्या. "नखं आईच्या आहारावर असतात," त्या म्हणाल्या. हे त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

"अन् जावळ?"

"ते बापाकडून येतं."

"बराबर," इंदूबाई म्हणाल्या. मग त्यांनी व्हरांड्यात बसलेल्या एकेकीच्या तोंडाकडे पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या तुळसाबाईंना घेऊन आल्या. खिडकीशी उभं केलं.

"पाय वं तुळसा. सातचं हाये. नखं आहाराची. खोटं वाटत असन तं इचार बाईले."

उलटतपासणीला साक्षीदार आला, हे सुहासिनीबाईंनी ओळखलं.

तुळसाबाईंनी आधी एका पेटीत पाहिलं, मग दुसरीत. चालू पेटीत प्रयागबाई नावाच्या बाईचं बाळ होतं. तेवढंसं. त्याची छाती हलताना दिसली की व्हरांड्यातले लोकही श्वास सोडत.

"तेही सातचंच?" तुळसाबाई म्हणाल्या. "मंग ते मुठीएवढं अन् हे असं काहून?"

"या पेटीचा गुण," सुहासिनीबाई म्हणाल्या. "जुनी आहे. हिच्यात वाढ झपाट्याने होते."

भिंतीशी बसलेली प्रयागबाई उठून उभी राहिली. तिने हात जोडले.

"मंग आमचंबी त्याच पेटीत ठेवा नं, बाई."

सुहासिनीबाईंकडे गृहविज्ञानातलं काही उरलं नव्हतं. बोलल्या त्या इंदूबाई.

"तुहीच पेटी बरी हाये, पोरी. तिथंच राहू दे. अन् तू काल्हपासून जेवली नाहीस." सुनेसाठी आणलेला डबा त्यांनी तिच्या हातात दिला.

सुहासिनीबाईंनी उरलेली टोपी प्रयागबाईच्या बाळाला दिली. तिथे ती सैल झाली.

त्यानंतर इंदूबाई रोज कोणाला ना कोणाला घेऊन आल्या. नणंद आली, भाऊबंदांतल्या दोन बाया आल्या, लग्न जमवणारी मावशीसुद्धा आली. प्रत्येकीपुढे तेच प्रश्न आणि सुहासिनीबाईंची तीच उत्तरं, आता घोटून पाठ झालेली. प्रेमिला पांघरुणात तोंड घालून ऐकत राही.

शेवटी मोठे डॉक्टर रजेवरून आले. तिसऱ्या पेटीपाशी थांबले.

"हा पैलवान इथे काय करतोय? उद्या घरी पाठवा."

दारात इंदूबाई उभ्या होत्या. त्यांनी सुहासिनीबाईंना खुणेने बाहेर बोलावलं आणि जिन्याखाली, जिथे कोणी नव्हतं तिथे, नेलं. तिथे त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. तो इतका बारीक होऊ शकतो हे सुहासिनीबाईंना माहीत नव्हतं.

"पोरगं पुऱ्या दिवसाचं हाये."

सुहासिनीबाईंनी पदर सावरला. "हे पाहा इंदूबाई, काळ बदलला आहे. शेवटी माणसाने..."

"भाषण राहू द्या. मले पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग तिला माहेरी नका धाडू. मुलगा तुमच्या रवींद्रचाच आहे."

"नाक पायलं मी त्याचं. काहून धाडीन तिले?" इंदूबाईंनी जिन्याकडे एकदा पाहिलं. "डाक्टरले म्हनून पाहा नं, आनखी थोडे दिवस पेटीत ठेवता येईन का."

"आता कशासाठी? सगळ्या बायकांना पटलंय."

"माही सासू येऊन राहिली गावावरून. म्हातारीचे डोळे गेले, पन मोजाले बोटं शाबूत हायेत." त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "रवींद्रच्या वक्ताले मले पेटी नव्हती भेटली."