शेवटी समुद्र

आई गेली, त्याच्या आदल्या दुपारी ती आणि मी माझ्या शाळेतला नकाशा खाटेवर पसरून कॅलिफोर्निया फिरत होतो. अभिमनभाऊ तिथे स्थायिक झाल्यापासून हा तिचा आवडता उद्योग होता.

"वाळवंट, बर्फ, समुद्र... बठ्ठं एकच राज्यमा शे?" तिने पुन्हा विचारलं आणि क्रम ठरवून टाकला. आधी वाळवंट, कारण उन्हात दशम्या टिकतात. मग बर्फ. समुद्र शेवटी. "बठ्ठी धूळ धुईसन घर येसूत."

ट्रंक कॉल लागला की भाऊ दरवेळी एकच सांगायचा, "आईला एवढा प्रवास झेपायचा नाही." मी कधी उलट बोलले नाही.

तो पाचव्या दिवशी शिंदखेड्याला पोचला. बायका हळहळल्या, "लेक किती लांबून धावत आला!" भाऊने चहा संपवला आणि जीपची चौकशी केली. प्रकाशाला तापीत अस्थी सोडून परस्पर मुंबईला जायचं होतं त्याला, शुक्रवारचं विमान होतं.

मी परसातल्या निंबाला टांगलेला अस्थींचा कलश सोडवून आणला आणि सगळ्यांसमोर त्याच्या मांडीवर ठेवला.

"जीप नको, भाऊ. हिला घरी घेऊन जा तुझ्या. आधी वाळवंट दाखव, मग बर्फ. समुद्र अगदी शेवटी. तिथेच सोड."

"अगं, वेडी का तू? आईला एवढ्या लांब..."

"आता झेपेल तिला."