पाचवी ताटली

काचेच्या पाच ताटल्या होत्या. प्रत्येकीत एक मिलिलिटर पाणी. पहिलीत बोडीचे, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याचे, जसे आले तसे: जंतूंचे चौसष्ट ठिपके. दुसरीत आणि तिसरीत तेच पाणी, टाक्यात ब्लिचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवल्यानंतरचे: शून्य, शून्य. चौथीत उकळून थंड केलेले पाणी: शून्य. पाचवी अजून थर्माकोलच्या डब्यात, बल्बच्या उबेला होती. तिचे चोवीस तास भरायला दहा मिनिटे बाकी होती.

दुधरामकाका दारातच उभे होते. बाहेर त्यांच्या मोटारसायकलला दोन टोपल्या बांधलेल्या होत्या, एकीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, दुसरीत टमाटर. त्याच टाक्यात धुतलेले. ते जिथे भाजी देत, त्या मुलींच्या वसतिगृहात गेल्या आठवड्यात अकरा जणींना जुलाब झाले होते. काकांची रचना तिथेच आठवीत होती. ती त्या अकरांत नव्हती. तेव्हापासून अधीक्षकबाई म्हणत होत्या, पाणी तपासल्याचा कागद आणा, तरच कच्चे ताटात जाईल. केशोरीत असा कागद लिहू शकणारी एकच होती, सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली चेतना.

"दोन-दोन शून्य दिसून राहिले. मंग सही कर ना व. कायची वाट पाहून राहिली?"

"पाचवीची."

"तिच्यात का वेगळं पाणी हाये?"

"नाही. तुमच्याच टाक्याचं. त्याच बाटलीतलं."

"मंग?"

चेतनाने दुसरी ताटली उचलून दाखवली. तळाशी लाल थर होता. "काका, या लालात तिखट क्षार असतात. पोटातले जंतू तेवढे उगवावे, बाकीचे नाही, म्हणून. धडधाकट जंतू ते सोसतो. दवाईनं जखमी झालेला सोसत नाही. पाचवीत मी लालावर साध्या खाद्याचा पातळ थर दिला. क्षार वर चढायले चार-पाच तास लागतात. तेवढा त्याले आराम."

काका मोठ्याने हसले. "जंतूले आराम! हा तर पाहुणचार झाला बाप्पा. दवाईनं मेले ते मेले. आता त्यायले आराम दे, नाहीतर पुरणपोळी दे."

"तुमी धानाचं बी कसं तपासता?"

"त्यात का हाये? शंभर दाणे मोजाचे, ओल्या पोत्यात बांधाचे, तीन दिवसानं सोडाचं. मोड किती, ते मोजाचं."

"बी जुनं असलं, कमजोर असलं, तर खाऱ्या जमिनीत टाकून पाहता का, उगवते का ते?"

"पागल झाली का? खाऱ्यात चांगलं बीच कसंबसं उगवते. कमजोर कसं उगवंल?"

"आणि नाही उगवलं, तर ते मेलेलंच होतं म्हणायचं?"

काकांनी दुसऱ्या ताटलीकडे पाहिले, मग तिसरीकडे.

चेतनाने घड्याळ पाहिले आणि डबा उघडला. पाचवी ताटली तिने उलटी करून उजेडात धरली. ठिपके दिसायला काकांना जवळ जायची गरज पडली नाही.

"तुया थरातच घाण असंल," ते म्हणाले.

"चौथीवर तोच थर हाये. एकाच भांड्यातून ओतला. पाहा."

त्यांनी पाहिले. चौथीत काही नव्हते.

चेतनाने स्केचपेन त्यांच्या हातात दिला. "तुमीच मोजा. काचेवर खूण करत जा."

काका खाटेवर बसले. मोडाचे दाणे मोजतात तसे ते पाच-पाच करून मोजू लागले. ओठ हलत होते. एका जागी पेन थांबला.

"हे अगदी बारीक हायेत. मोजू का?"

"बारीक मोड सोडता का तुमी?"

"नाही सोडत."

मोजून झाल्यावर त्यांनी आकडा सांगितला, ताटली पालथी ठेवली आणि बाहेर गेले. मोटारसायकलच्या दोरीची गाठ पक्की बसली होती. ती त्यांनी दाताने सैल केली.

"रचना टमाटर कच्चंच खाते," ते पाठमोरेच म्हणाले. मग, "दवाई दुप्पट करू का?"

"आधी पाणी निवळू द्या, गाळून घ्या. बोडीचा गाळच अर्धी दवाई खाते. उद्या पुन्हा तपासू. आजचं शिजवाले द्या."

दोन्ही टोपल्या ओसरीवर उतरल्या. चेतनाने कागद पुढे ओढला. वर तारीख घातली, मोजणाऱ्याच्या जागी दुधरामकाकांचे नाव लिहिले, आणि खाली सही केली. वरच्या तीन ओळी अशा होत्या:

बोडीचे पाणी, दवाईआधी: चौसष्ट.

दवाईनंतर, आराम न देता: शून्य.

दवाईनंतर, आराम देऊन: एकेचाळीस.