धवळ्याचा डावा डोळा

"म्याडम, ह्यो दुःखानं रडतोय," असं म्हणत मेंढपाळ सटवानं पांढरा ससा टेबलावर ठेवला.

पाटोद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात शेळ्यामेंढ्यांची गर्दी होती. डॉक्टर पंचशीलानं सशाचा डावा डोळा पाहिला. खालची लव भिजून चिकटली होती.

"कशाचं दुःख, मामा?"

"ह्याची जोडीदारीण मेली. कोकरू गेल्यावर मेंढी रडती, तसंच. म्हणून बाजारातून दुसरी आणली. तरी पाणी थांबंना."

"उजवा डोळा?"

"कोरडा हाय."

"म्हणजे एकाच डोळ्यानं रडतोय होय?"

शेळी घेऊन मागं उभी असलेली छबुबाई पदर तोंडाला लावून हसली. सटवाला हसू आलं नाही. शेजारी नात अंजू उभी होती. 'आबा, धवळ्याचा डोळा जाईल का?' असं ती सकाळपासून विचारत होती. कळपातली सगळी दुखणी सटवा स्वतःच बरी करायचा; सशाचा डोळा मात्र त्याला नवा होता.

पंचशीलानं सशाचे दात तपासले, मग डोळा. "डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी तुंबलीय, मामा. आणखी थांबला असतात तर डोळा पिकला असता."

तिनं डोळा बधिर केला आणि बारीक नळीनं औषधी पाणी सोडलं. पुन्हा सोडलं. मग डोळ्यात रंगाचा थेंब टाकला.

"आता नाकाकडं बघा. रंग खाली उतरला, तर वाट मोकळी."

सगळा दवाखाना वाकला. सटवाच्या तळव्याखाली धवळ्याचं काळीज धडधडत होतं. नाकपुडी नुसतीच हलत होती.

"न्हाई उतरत," अंजूचा आवाज रडवेला झाला.

"गप गं, बघ की," छबुबाई म्हणाली. शेळी केव्हाच तिच्या हातातून सुटली होती.

नाकपुडीच्या कडेला एक पोपटी टिपका आला. फुगला.

"उतरलं! आबा, उतरलं!"

त्या आरोळीनं दचकून धवळ्या सणसणीत शिंकला. सटवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पोपटी शिंतोडेच शिंतोडे.

"थेंब देते, रोज घाला. आणि भाकरी बंद, गवतच द्या; दात झिजले नाहीत तर त्यांची मुळं ही नळी दाबतात," असं सांगत पंचशीलानं कापसाचा बोळा पुढं केला. "हे पुसून घ्या, डाग पडेल."

सटवानं छातीवर हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या, म्याडम. घरी म्हातारीला दाखवायचंय."

आणि भर बाजारातून तो छाती पुढं काढून, सदरा मिरवत चालत निघाला.