धोंड्याच्या महिन्यातला बाप

"बाप म्हंजी हालता-बोलता देव. त्याची सेवा करायला सात जल्माची पुण्याई लागती!" फाट्यावरच्या लिंबाखाली बन्सीधरनं जाहीर केलं आणि त्याच दमात धाकट्या भावाला म्हणाला, "तवा लिंबाजी, आता ही पुण्याई तू घिऊन जा."

हालता-बोलता देव बैलगाडीत गोधडीवर पडून होता. लकव्यानं आश्रुबाचं डावं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती. एक महिना पेडगावला थोरल्याकडं, एक महिना झरीला धाकट्याकडं, आणि दर अमावस्येला या फाट्यावर अदलाबदल. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

आज लिंबाजी गाडी न आणता सायकलवर आला. लिंबाखाली उभ्या थोरल्या सुनेनं, पार्वतीबाईनं, ते आधी हेरलं.

"दादा, चैत तुमचा, वैशाख माझा. कबूल," लिंबाजी म्हणाला. "पर उद्यापासून अधिक वैशाख लागायलाय. माझा निज वैशाख त्याच्याफुडं."

"म्हंजी ह्यो तेरावा महिना माझ्या बोडक्यावर?"

"धोंड्याचा महिना जावयाचा असतोय. मानवतला आपल्या दाजीकडं, नागनाथरावाकडं धाडा."

"जावयाला अनारशे देत्यात, लिंबाजी. बाप न्हाई देत!"

पार्वतीबाई सावलीकडं पाहत होती. लिंबाची सावली गाडीवरून सरकून चाकापाशी आली होती. मामंजींची कूस बदलायची वेळ कधीच टळली होती. झरीहून ते दर खेपेला पाठीला जखम घेऊन यायचे. दिवसातनं आठ-आठदा कूस बदलून तिनं या महिन्यात ती कशीबशी भरून आणली होती. भरून आणता आणता स्वतःची कंबर गेली होती. मोकळा महिना तिला हवाच होता. तो महिना झरीला कसा जाईल, तेही तिला ठाऊक होतं.

"ऱ्हाऊ दे मग गाडी हितंच!" बन्सीधर ओरडला. "मी बैल घिऊन चाललो. बघू लाज कोणाच्या बापाला हाय!"

दोघांचा बाप एकच होता, आणि तो गाडीत होता.

रागाच्या भरात बन्सीधरनं टेकू न लावताच बैल सोडले. गाडी पुढं झुकली. गोधडीसकट म्हातारा घसरायला लागला. लिंबाजीच्या हातून सायकल पडली. पार्वतीबाईनं धावत येऊन जू खांद्यावर झेललं.

पदर डोक्यावरून खाली आला होता. दोघं भाऊ बघतच राहिले.

"अधिकबी माझा, निजबी माझा," ती दातओठ खाऊन म्हणाली. "जुपा बैल."

बन्सीधर बैलांकडं वळला. तेवढ्यात, तीस वर्षांत सुनेला कधी नावानं हाक न मारलेला आश्रुबा जड जिभेनं पुटपुटला,

"पारबते... तेवढी कूस बदल."