डोमाजीचा एकच घाव

"सांगून कोणाला पटणार नाही, पण आज त्या यंत्राला मी रडवलं!" चहाच्या टपरीवर डोमाजीने मांडीवर थाप मारली.

निलगिरीच्या रानात झाड पाडावं ते डोमाजीनेच, अशी त्याची ख्याती होती. तो कुऱ्हाड उचलायचा तेव्हा गाव हातचं काम टाकून बघायला यायचं. आता तेच गाव झाडं पाडणाऱ्या नव्या यंत्राभोवती जमायचं, आणि डोमाजीचा जळफळाट व्हायचा.

"पंजात खोड धरतं, बुडाशी करवत फिरवतं, आडवं करून सर्रकन फांद्या सोलतं अन् मापाचे ओंडके पाडतं. मान्य! पण आज वाकड्या निलगिरीपाशी आलं अन् गप्प झालं. ऑपरेटर हात जोडून खाली उतरला. 'बाबा, हे तुमचंच काम.' मी एकच घाव घातला. झाड असं अलगद निजलं, की शेंड्यावरची कावळीण अंड्यांवरून उठली नाही! यंत्र लाजून मान खाली घालून बसलं."

टपरी खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी सगळ्या माना डोमाजीकडे वळल्या होत्या. त्याने ऐटीत मिशी पिळली.

चहा गाळता गाळता त्याची बायको बिरजाबाई म्हणाली, "एकच घाव? कुऱ्हाड तर सकाळपासून माझ्यापाशी आहे, चुलीची लाकडं फोडायला. अन् मी रानात डबा घेऊन गेली, तेव्हा यंत्रात बसून, त्या ऑपरेटर पोराला हात जोडून, 'अजून एक झाड पाडू दे ना बापू' असं कोण म्हणत होतं जी?"